मधली पट्टी

ग्रिम्सबीचं मैदान ग्रिम्सबीत नाही,
शेजारच्या क्लीथॉर्प्समध्ये आहे.
म्हणून पाहुण्यांची पहिली आरोळी ठरलेली :
घरच्या मैदानावरही तुम्ही उपरेच!
दुसरी मासळीची.
वास येतो, वास येतो, नाकं धरा रे नाकं.
चाल चर्चमधल्या कुठल्याशा भजनाची,
सूर दुपारपासून प्यायलेल्या बिअरचा.

मी मधे उभी.
चार रिकाम्या रांगा, वर ताणलेली जाळी,
डावीकडे मासळीतोंडे, उजवीकडे गंजके
(पोलादाच्या गावचे, म्हणून गंजके).
अंगात पिवळं जाकीट. दोन्ही बाजू मला कस्टर्ड म्हणतात,
एवढ्या एका गोष्टीवर त्यांचं एकमत आहे.
कामाचा नियम : खेळाकडे पाठ, तोंड माणसांकडे.
दोन हंगाम झाले, एक गोल पाहिलेला नाही.
कळतो. आधी दात दिसतात, मग आवाज येतो.

मुलाखतीत विचारलं होतं, गर्दीचा अनुभव आहे का?
आता काय सांगणार.
आई सुखेडची, दिली बोरीत. मधे ओढा.
नागपंचमीच्या दुसऱ्या दिवशी या काठावर आई,
त्या काठावर तिची सख्खी बहीण,
पदर खोचून, हात नाचवून,
हलगीच्या ठेक्यावर एकमेकींचं खानदान धुवायच्या,
जे एकच होतं.
अंधार पडला की मावशीचा पोरगा डबा घेऊन यायचा,
कालच्या पुरणाच्या दिंडांचा.
मी सांगितलं, हो, आहे. लहानपणापासून.

आईचा एक कायदा होता.
नाक, नवरा, म्हैस, सासू, सगळं मोकळं.
मेलेलं माणूस काढायचं नाही.

आज उजवीकडून एका पोरानं काढलं.
तेराएक वर्षांचा, आवाज नुकता फुटलेला.
बुडालेल्या ट्रॉलरचं गाणं,
तळाला कोण कोण आहे त्याचं.
डावीकडे तिसऱ्या रांगेत रॉय स्टॅमर्स,
त्याचा धाकटा भाऊ एकोणिसाव्या वर्षी
आइसलँडच्या बाजूला गेला, बोटीसकट.
रॉय 'गंजके' म्हणायला तोंड उघडून होता.
तोंड तसंच. खुर्ची आहे ना हे हातानं चाचपून
तो खाली बसला.

मी वॉकीटॉकीचं बटण दाबलं.
तेवढ्यात त्या पोरामागची बाई,
प्रत्येक बोटात अंगठी, गळ्यात दोन मफलर,
तिनं त्याची टोपी काढली
आणि त्याच टोपीनं त्याला हाणली.
ते नाही, म्हणाली. ते नाही.
मग छाती भरून स्वतःच सुरू झाली,
वास येतो, वास येतो,
थेट तिसऱ्या रांगेकडे बघत.
बऱ्याच वेळानं रॉय : गंजके.
दुसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

याला मी समेट म्हणत नाही.
उत्तरार्धात कुणीतरी नाणं फेकलं,
एका कस्टर्डच्या भुवईला तीन टाके.
आणि फाटकापाशी, सगळं पांगल्यावर,
एकजण माझ्या कानाजवळ येऊन म्हणाला,
तुझ्या देशात जा.
त्याला चाल नव्हती. ताल नव्हता.
हळूच म्हणाला, म्हणजे आपल्याच मित्रांना ऐकू जाऊ नये.
ज्या शिवीला पलीकडचा काठ नाही
तिला उत्तर कुठे उभं राहून द्यायचं,
हे आईनं शिकवलं नव्हतं.

रात्री फोन. हे शेवटचं सांगितलं नाही.
बाकी सगळं सांगितलं, मासळी, गंज, टोपी.
ती हसून हसून खोकली.
कोण जिंकलं मग?
माहीत नाही गं, पाठ होती माझी.
चेंडूचं कोण विचारतंय, म्हणाली. शिव्यांत?

विचार केला.
दोन्ही काठ बरे आहेत, म्हटलं,
फक्त हलगी नाही.
आणि पाऊस न बोलावताच येतो.